रंग मारण्याआधी भिंतीतल्या जुन्या वायरी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर नाशिकमध्ये घरोघरी रंगकाम निघते. त्याच धांदलीत एक कामाची वस्तू कायमची गाडली जाते. टीव्हीच्या पॉइंटची केबल, बंद पडलेल्या लँडलाइनची वायर, गच्चीवरून उतरलेली डिशची केबल या सगळ्यांना 'आता कोण वापरतं' म्हणून टोकाशी कापतात, बॉक्समध्ये पुट्टी भरतात आणि वरून रंग मारतात. पुढे त्याच घरात आतल्या खोलीत नेट पोहोचत नाही, ऑनलाइन वर्ग अडकतो, मीटिंगमध्ये आवाज तुटतो. मग दोनच उपाय सुचवले जातात. एक तर आणखी एक वायफायचा डबा लावायचा, नाहीतर भिंतीला झिरी मारून नवी लॅन केबल टाकायची. तिसरा रस्ता फारसा कोणी सांगत नाही. भिंतीत आधीपासून असलेल्या वायरीवरूनच वायर्ड इंटरनेट आतल्या खोलीपर्यंत नेता येते. रंगाचा डबा उघडण्याआधी ही माहिती लोकांपर्यंत जावी, म्हणून हे पत्र.

आधी एक तपासणी करावी, कारण पुष्कळदा दोष वायफायचा नसतोच. फायबरवाल्याने बसवलेल्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, लॅपटॉप थेट केबलने जोडून वेग मोजा. तिथेच वेग कमी असेल तर घरातल्या वायरी कितीही सुधारल्या तरी उपयोग नाही. मोजताना केबल कोणत्या पोर्टला लावली आहे तेही पाहा. बऱ्याच ओएनटींवर एकच पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, असतो आणि बाकीचे १०० एमबीपीएसचे. २०० किंवा ३०० चा प्लॅन घेऊन केबल चुकीच्या पोर्टला लावली की आकडा ९४–९५ च्या पुढे सरकत नाही. लॅनच्या छोट्या तुकड्यातल्या आठपैकी एक तार जरी तुटली असेल तरी जोडणी १०० वर घसरू शकते. सतत ९४–९५ दिसत असेल तर आधी पोर्ट आणि तो तुकडा बदला.

ओएनटीजवळ पूर्ण वेग आणि आतल्या खोलीत चणचण, असे असेल तर अडथळा भिंतींचा आहे. आरसीसी स्लॅब आणि विटांची भिंत ५ गिगाहर्ट्झचे वायफाय फार लवकर शोषून घेतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे तर ते टिकतच नाही. तिथे मेशचा, म्हणजे वायफाय पुढे पसरवणारा, दुसरा डबा ठेवला तरी तो पहिल्या डब्याकडून हवेतूनच सिग्नल घेतो आणि हवेतूनच पुढे देतो. त्या डब्यापर्यंत सिग्नल लंगडत पोहोचला तर तो पुढे काय देणार? त्याला मागून वायर मिळाली की तोच डबा उत्तम चालतो.

आता कोणती वायर वापरायची ते पाहू. आमच्या मते क्रम असा असावा: पहिली टीव्हीची गोल केबल, मग टेलिफोनची वायर, आणि शेवटी विजेची लाइन. दुकानात हा क्रम नेमका उलटा सांगतात, कारण विजेच्या लाइनवर चालणारे अडॅप्टर सहज मिळतात. पण त्यापेक्षा स्थिर वेग टीव्हीच्या केबलवर मिळतो.

टीव्हीच्या केबलला कोअॅक्सियल म्हणतात. मधे तांब्याची किंवा तांब्याचा मुलामा दिलेली तार, तिच्याभोवती फोम, त्यावर फॉइल आणि जाळी. बाहेरच्या आवरणावर बहुधा 'आरजी ६' छापलेले असते. या केबलवरून लॅन नेणाऱ्या पद्धतीचे नाव मोका. तिच्या २.५ या आवृत्तीची क्षमता अडीच गिगाबिटपर्यंत आहे. अडॅप्टरचा लॅन पोर्ट गिगाबिटचा असेल तर प्रत्यक्षात ९०० एमबीपीएसच्या वर वेग मिळतो आणि विलंब तीन-चार मिलिसेकंदांचाच असतो. दोन टोकांना दोन अडॅप्टर लागतात. एकावर भागत नाही. एकाच केबलजाळ्यावर १६ पर्यंत अडॅप्टर चालतात, म्हणून तीन-चार खोल्यांनाही अडचण येत नाही. हे अडॅप्टर एम. जी. रोडवर मांडून ठेवलेले दिसतीलच असे नाही, बहुधा मागवावे लागतात. मागवताना त्याच्या पॉवर अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिले आहे ना, एवढे नक्की बघा. नुसता १२० व्होल्टचा आला तर आपल्या २३० वर तो लगेच जळेल.

इथे सर्वांत मोठी गफलत डिशमुळे होते. मोका ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. डीटीएचच्या डिशकडून सेट-टॉप बॉक्सकडे येणारा सिग्नल ९५० ते २१५० मध्ये असतो. म्हणजे दोघांची थेट टक्कर. चालू डीटीएचच्या केबलवर मोका लावू नका. टीव्हीही बिघडेल आणि नेटही चालणार नाही. शिवाय सेट-टॉप बॉक्स त्याच केबलमधून डिशच्या एलएनबीला, म्हणजे तिच्या पुढच्या दांडीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो, तो करंट अडॅप्टरमध्ये शिरता कामा नये. स्थानिक केबलवाल्याच्या टीव्हीचे चॅनेल मात्र साधारण ८६० मेगाहर्ट्झच्या आत असतात, त्यामुळे तो टीव्ही आणि मोका एकाच केबलवर सुखाने नांदतात. अट एकच: मधला स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या अनेक वाटा करणारी डबी, बदलावा लागतो. नेहमीच्या स्प्लिटरवर '५–१००० मेगाहर्ट्झ' लिहिलेले असते आणि मोकाचा सिग्नल तो गिळतो. '५–१६७५' लिहिलेला स्प्लिटर घ्या. हे स्प्लिटर फॉल्स सीलिंगमध्ये, टीव्हीच्या मागे किंवा जिन्यातल्या पेटीत दडलेले असतात. जुना एक जरी राहून गेला तरी जोडणी लागत नाही किंवा वेग घसरतो, आणि लोक अडॅप्टरलाच दोष देतात. स्प्लिटरचे तोंड रिकामे राहत असेल तर त्यावर ७५ ओहमची टोपी बसवा.

डीटीएच बंद केलेल्या बंगल्यांसाठी एक फार उपयोगी युक्ती आहे. गच्चीवरच्या डिशपासून हॉलला एक आणि वरच्या बेडरूमला दुसरी, अशा दोन वेगळ्या केबल उतरलेल्या असतात. दोन्ही सेट-टॉप बॉक्स काढून ठेवा, गच्चीवर दोन्ही टोके डिशपासून सोडवा आणि ती एफ-८१ नावाच्या, दोन्ही बाजूंना आटे असलेल्या छोट्या जोडणीने एकमेकांना जोडा. हॉलपासून बेडरूमपर्यंत सलग केबल तयार झाली, तीही एक वीट न हलवता. दोन्ही मिळून लांबी ५०–६० मीटर झाली तरी मोकाला ती जड नाही. जोडणी उघडी मात्र ठेवू नका. नाशिकचा एक पावसाळा पुरेसा आहे, पाणी जाळीतून आत झिरपते आणि केबल आतून काळी पडते. जोडणी छोट्या वॉटरप्रूफ पेटीत ठेवा आणि केबल खालच्या बाजूने आत घ्या. पेटीच्या आधी केबलला एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाईल. गच्चीवरून गेलेली केबल विजेच्या कडकडाटात धोक्याची असते, म्हणून वळवाच्या आणि परतीच्या पावसात ढग भरून येऊ लागले की, गडगडाट सुरू होण्याआधीच, दोन्ही टोकांचे अडॅप्टर केबलपासून सोडवा.

कोणती केबल कोणत्या खोलीत जाते ते ओळखायला मल्टिमीटर पुरतो. एका टोकाला मधली तार आणि जाळी फॉइलच्या तुकड्याने एकमेकांना टेकवा, मल्टिमीटर बजरवर ठेवून इतर टोके तपासत जा. वाजेल ती तीच केबल. हे करताना केबल टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डिश सगळ्यांपासून सुटलेली हवी. नंतर फॉइल काढायला विसरू नका. टोकांना जुन्या पद्धतीची दाबून बसवायची टीव्ही पिन असेल तर ती काढून आट्याने बसणारा एफ कनेक्टर लावा. हाताने पिरगाळून बसवलेले कनेक्टर काही महिन्यांत ढिले होतात, दाबून बसवायचा कॉम्प्रेशनचा प्रकार घ्या. मधली तार कनेक्टरच्या काठापुढे साधारण ३ मिलिमीटर यावी. जाळीचा एखादा केस त्या तारेला चिकटला तर सगळी लाइन शॉर्ट होते. 'केबल खराब आहे' म्हणून सोडून दिलेल्या बऱ्याच लाइनींचा दोष एवढाच असतो.

केबलवाल्याची लाइन चालू असेल तर ती घरात शिरते त्या जागी मोकाचा फिल्टर लावा. बोटाच्या पेराएवढी ती पितळी नळी असते. तिच्याने आपला सिग्नल शेजाऱ्याकडे जात नाही, आणि घरातल्या घरात परतून जोरही वाढतो. अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये पासवर्डही चालू करा. केबलवाला त्याच कोअॅक्सवरून इंटरनेटही देत असेल तर मोका लावण्याआधी त्याच्याशी बोला.

टेलिफोनच्या वायरीबद्दल थोडक्यात. पॉइंटचा बॉक्स उघडून आवरणावर काय छापले आहे ते वाचा. नव्या सोसायट्यांमध्ये इंटरकॉम आणि टेलिफोनसाठी पुष्कळदा 'कॅट ५ई' केबलच टाकलेली असते. तिच्यात चार जोड्या असतात आणि फोनसाठी त्यातली एकच वापरलेली असते. असे असेल तर तुमच्या घरात लॅन केबल आधीपासून आहे, फक्त टोके बदलायची आहेत. दोन्ही टोकांना आरजे ४५ चे कीस्टोन जॅक, म्हणजे भिंतीच्या प्लेटमध्ये बसणारे लॅनचे सॉकेट, बसवा. रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखाच हवा. टी५६८बी पद्धतीत तो असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ जॅकपर्यंत टिकवा, १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. दोनच शाबूत असतील तर १०० एमबीपीएस मिळेल आणि अभ्यासाला, मीटिंगला तेही पुरते. केबल एका पॉइंटवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी साखळीने गेली असेल तर मधल्या पॉइंटला ती तोडून दोन सरळ तुकडे करावे लागतात. समांतर जोडलेल्या वायरीवर लॅन चालत नाही. इंटरकॉम चालू असेल तर त्या जोडीला हात लावण्याआधी सोसायटीला विचारा. टेलिफोनच्या लाइनवर नेहमी ४८ व्होल्ट डीसी असतो आणि घंटी वाजताना त्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. लॅनचे यंत्र त्याने जळू शकते. केबल साधी दोन तारांचीच निघाली तरी हताश होऊ नका, एका जोडीवर चालणारे व्हीडीएसएल किंवा जी.एचएन एक्स्टेंडर मिळतात. व्हीडीएसएलच्या दोन डब्यांपैकी एकावरचा स्विच मुख्य बाजूला आणि दुसऱ्याचा ग्राहक बाजूला ठेवावा लागतो. दोन्ही सारखे राहिले की जोडणी लागतच नाही.

आता विजेची लाइन. यात एक अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटमध्ये आणि दुसरा आतल्या खोलीत लावायचा, सिग्नल घरातल्या वायरिंगवरूनच जातो. ऐकायला सर्वांत सोपे, पण निराशा सर्वांत जास्त इथेच होते. खोक्यावरच्या ६००, १००० किंवा २००० या आकड्यांवर जाऊ नका. ते कागदावरचे कमाल वेग आहेत, तेही दोन्ही दिशांचे मिळून. १००० लिहिलेल्या जोडीतून २०० मिळाले तर वायरिंग चांगले म्हणायचे. जुन्या घरांत ६० ते १०० ही नेहमीची गोष्ट. ६०० च्या काही अडॅप्टरांना तर लॅन पोर्टच १०० चा असतो, म्हणून घेण्याआधी 'गिगाबिट पोर्ट' लिहिले आहे का ते वाचा.

बिघडते कुठे, तर बहुतेक वेळा एक्स्टेंशन बोर्डवर. स्पाइक गार्डमधला फिल्टर हा सिग्नल कचरा समजून गाळून टाकतो. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा. दुसरी अडचण पिनची. परदेशी पिन आपल्या सॉकेटपेक्षा बारीक असते, ती ढिली बसते आणि तापते. बाजूला अर्थिंगच्या पट्ट्या असलेल्या युरोपीय पिनला आपल्या सॉकेटमधले अर्थिंग मिळतच नाही. एव्ही२ या नव्या पद्धतीचे चांगले अडॅप्टर फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग या तीनही तारा वापरून वेग वाढवतात. अर्थिंग मिळाले नाही तर त्यांचा तो गुण वाया जातो. म्हणून भारतीय तीन-पिनचेच अडॅप्टर घ्या, आणि घरचे अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. जिवासाठी ते तसेही हवेच.

महावितरणचे थ्री-फेज कनेक्शन असलेल्या बंगल्यांत हॉल एका फेजवर आणि वरचा मजला दुसऱ्या फेजवर असतो. अशा वेळी सिग्नल एकतर पोहोचत नाही किंवा फार क्षीण पोहोचतो. वायरमन डीबीमध्ये, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, एका खोलीचे सर्किट दुसऱ्या फेजवर घेऊ शकतो. त्याने दोन गोष्टी सांभाळायच्या: त्या फेजवरचा एकूण लोड, आणि न्यूट्रल. सर्किट दुसऱ्या आरसीसीबीखाली (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नेले तर त्याचा न्यूट्रलही त्याच आरसीसीबीखाली जायला हवा, नाहीतर ती ट्रिप होत राहील. हे काम घरमालकाने स्वतः करू नये. सिडकोत एका घरावर मजले चढत गेले आणि प्रत्येक मजल्याला वेगळे मीटर आले, तिथे सिग्नलला दोन मीटर ओलांडावे लागतात. त्या घरांत विजेच्या लाइनवर भरवसा ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे गच्चीवरून जोडलेली डिशची केबल कितीतरी बरी.

इन्व्हर्टरचाही विचार करा. एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरा साध्या लाइनवर असेल तर वीज गेली की साध्या लाइनवरचा बंद. वीज असतानाही सिग्नलला इन्व्हर्टरच्या पोटातून जावे लागते आणि तो कमजोर होतो. दोन्ही इन्व्हर्टरच्याच लाइनवर घ्या. ओएनटी आणि राउटरही तिथेच हवेत. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर लाइनमध्ये इतका गोंगाट असतो की वीज गेली की नेट रडायला लागते.

जोडी लावण्याची पद्धत अशी. आधी दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत लावा. पहिल्याचे पेअर बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचे. दिवे स्थिर झाले की दुसरा आतल्या खोलीत न्या. ही पायरी गाळू नका. कारखान्यातून निघताना अनेक अडॅप्टरांची गुप्त किल्ली एकच असते, आणि सिग्नल मीटरपलीकडे शेजारच्या फ्लॅटपर्यंत जाऊ शकतो. मग आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवरून राउटरला सतत पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारा संदेश) लावून ठेवा आणि घरातली उपकरणे एकेक करून चालू करा: मोबाइलचे स्वस्त चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी पट्ट्या, पाण्याची मोटर, मिक्सर. ज्याच्या बरोबर पिंग उसळतो तो दोषी. तो चार्जरसारखा छोटा, प्लगवर चालणारा असेल तर त्याला स्पाइक गार्डवर लावा (पाण्याची मोटर लावू नका); अडॅप्टरला नको असलेला तो फिल्टर इथे कामाचा ठरतो. दिवाळीत माळा लावल्यावर ही चाचणी पुन्हा करा. परत करता येईल अशाच बोलीवर जोडी विकत घ्या, कारण आपल्या वायरिंगवर ती किती देईल हे लावल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

वायर आत पोहोचल्यावर तिथे वायफायही हवे असेल तर जुना राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे नुसते वायफाय पसरवण्याच्या कामाला, लावा. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा पण त्याच मालिकेतला ठेवा (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२) आणि केबल वॅन (बाहेरचे नेट घेणाऱ्या) पोर्टला न लावता लॅन पोर्टला लावा. डीएचसीपी दोन ठिकाणी चालू राहिला की कधी नेट चालते, कधी नाही, आणि कारण सापडता सापडत नाही. मेशच्या डब्याला वायर देणार असाल तर तो वायर्ड बॅकहॉल, म्हणजे मुख्य डब्याशी वायरीने जोडणी, स्वीकारतो का ते आधी पाहा. काही स्वस्त डबे हवेतून आणि वायरीतून एकाच वेळी जोडले जातात, डेटा गोल फिरत राहतो आणि सगळ्या घराचे नेट ठप्प होते. २.४ गिगाहर्ट्झवर दोन्ही ठिकाणी वेगळे चॅनेल ठेवा, १, ६ आणि ११ यांपैकी.

विजेच्या पाइपमधून लॅन केबल ओढण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका. २३० व्होल्टच्या तारेचे आवरण घासले गेले तर करंट थेट संगणकापर्यंत, म्हणजे मुलाच्या हातापर्यंत येतो.

सोसायट्यांच्या कमिट्या, बांधकाम व्यावसायिक आणि रंगकामाचे ठेकेदार यांना आमची कळकळीची विनंती आहे. टीव्हीची किंवा टेलिफोनची वायर वापरात नसली तरी कापू नका. किमान १५ सेंटिमीटर टोक बॉक्समध्ये गुंडाळून ठेवा, त्यावर कोणत्या खोलीत जाते ते लिहिलेली चिकटपट्टी लावा आणि बॉक्सवर पुट्टी न भरता कोरी प्लेट बसवा. पाथर्डी फाटा, गंगापूर रोडकडे नव्या इमारती उठत आहेत. तिथे विजेपासून वेगळा, २५ मिलिमीटरचा एक रिकामा पाइप हॉलपासून प्रत्येक खोलीपर्यंत टाकून त्यात ओढतार सोडून द्यावी. स्लॅब भरण्याआधी हे काम किरकोळ असते, नंतर मात्र भिंत फोडावी लागते. ओएनटीसाठी दारामागचा कोपरा न देता घराच्या मध्यावर एक सॉकेट आणि बॉक्स द्यावा. आधीच राहायला गेलेल्यांनी नवे कनेक्शन घेताना फायबरवाल्याला तसे सांगावे. बारीक फायबर वळवून मधल्या खोलीपर्यंत नेणे त्याला अवघड नसते, पण डबा एकदा भिंतीला ठोकला की हलवायला तो पुन्हा येईपर्यंत वाट पाहावी लागते.

आपले नम्र,
घरगुती वायरिंग व नेटवर्किंगची कामे करणारे काही तंत्रज्ञ,
इंदिरानगर, नाशिक